काचअप्पांची फेरी

गुरुवार, ८ मे २०२५. दुपारचे २ वाजून १० मिनिटे.

लोहाऱ्यात दुकानात बसून एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचे 'शुभेच्छूक' पुसून 'शुभेच्छुक' करत होतो, तेव्हा फोन आला. पुण्याहून शिवरंजनीताई. आमच्या गावच्या गुरुसिद्धप्पा इंजिनिअर साहेबांची मुलगी. साहेबांना जाऊन २४ तारखेला वर्ष होते. त्या दिवशी मठाच्या सभागृहात पुण्यस्मरण ठेवले आहे. तोवर वडिलांच्या आयुष्यावर सोळा पानांची पुस्तिका हवी. गावातल्या लोकांच्या आठवणी गोळा करायच्या, लिहायच्या, छापून आणायच्या आणि कार्यक्रमात थोडे वाचून दाखवायचे.

मी म्हणालो, ताई, माझे शिक्षण अकरावीपर्यंतच, तेही अर्धे.

त्या म्हणाल्या, "बाबांच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर एकही चूक नव्हती. तो तूच केला होतास ना?"

होय म्हणालो. दुकानमालक मुजम्मिलभाई कान देऊनच होते. "मय्यत का काम हाय शंकर, ना मत बोल. पन लगीनसराईचे फ्लेक्स कोन काढेगा? रोज दुपारी चारला दुकानात पायजे."

पुस्तिकेत जे बसणार नाही ते या वहीत लिहायचे ठरवले आहे. खाडाखोड पुस्तिकेत चालत नाही.

शुक्रवार, ९ मे.

संध्याकाळी अवकाळी पाऊस. आमच्या घराच्या मागच्या भिंतीवर साहेबांनी भेगेवर बसवलेली काच फुटली. आई म्हणाली, "फुटंना का. जुनी झाली हुती." मला जेवण गेले नाही.

रविवार, ११ मे.

साहेबांच्या घरी गेलो. किल्ली आईकडेच असते. मठाची झाडलोट, दिवाबत्ती आई करते, आणि ताईंनी या घराचीही झाडलोट तिच्याकडेच ठेवली आहे. आम्ही गुरव. माझे बाबा गेल्यापासून मठ हेच आमचे पोट.

पुस्तिकेची सुरुवात तिथे बसून लिहिली. ती अशी:

"गुरुसिद्धप्पांचा जन्म १९३७ साली, निजामाच्या राज्यात झाला. पहिल्या तीन इयत्ता ते उर्दूत शिकले. पुढे सोलापूरला बोर्डिंगात राहून मॅट्रिक, हैदराबादला इंजिनिअरिंग. त्यानंतर सरकारी संशोधन केंद्रात एकतीस वर्षे नोकरी केली. त्यांचा संशोधनाचा विषय आयुष्यभर एकच राहिला: भिंतीला पडणारी भेग. मोठ्या धरणाच्या पोटात माणूस चालेल एवढा बोगदा असतो. तिथे ते कंदील घेऊन जात आणि भेगेवर काचेची पट्टी आडवी बसवत. पट्टीची दोन्ही टोके सिमेंटने भिंतीला धरलेली. खाली तारीख. भिंत जागच्या जागी असेल तर काच साबूत राहते. केसाएवढी जरी हलली तरी काच तडकते. निवृत्तीनंतर ते गावी आले. भूकंपानंतर नव्याने उभ्या राहिलेल्या आपल्या गावात त्यांनी घराघरात अशी काच बसवली, आणि रोज दिवेलागणीला बॅटरी घेऊन ती पाहत फिरले. फेरी ओढ्याकडच्या शेवटच्या घरापासून सुरू होई व मठापाशी संपे. म्हणून गाव त्यांना काचअप्पा म्हणे."

ओढ्याकडचे शेवटचे घर म्हणजे आमचे. हे लिहिले नाही.

साहेबांच्या आतल्या खोलीत एक लाकडी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. भिंतीपासून दोन हातांवर. भेग वरपासून खालपर्यंत, तिच्यावर सहा काचा. सगळ्या साबूत. खुर्चीच्या पायांनी फरशीला खळ्या पडल्या आहेत. मी फक्त टेकलो. भेगेत बघितले. पुन्हा घड्याळ बघितले तेव्हा चार वाजून गेले होते, आणि मी काहीच लिहिले नव्हते. मुजम्मिलभाईंचे पाच फोन येऊन गेले होते. फोन माझ्या खिशातच होता. वाजलेला मला ऐकू आला नाही.

कपाटात काचपट्ट्यांचा खोका आहे. अर्धा रिकामा. कपाटात सगळीकडे धूळ, खोक्यावर मात्र नाही. साहेबांनी शेवटपर्यंत हाताळला असेल.

मंगळवार, १३ मे.

फकीर मिस्त्रींकडे गेलो. आमच्यापासून दुसरे घर. साहेबांना सिमेंट हेच द्यायचे.

मिस्त्री म्हणाले, "चमचाभर मागायचे. म्या म्हनायचो, साब, धरनं बांधनारा मानूस तुमी, आन माझ्याकडं चमचाभर सिमिट मागताव?"

त्यांची बायको सायराबी चुलीपाशी होती. "पंचवीस वर्साचा चमचा चमचा धरला तर चार पोती हुत्यात. पोरीकडनं वसूल करा म्हनावं."

"गप बस गं. मेलेल्या मानसावर बिल काढतीस?"

"मेलेला मानूस रोज दारात हुबा राहत असंल तर काढावं लागतं."

मी विचारले, म्हणजे? सायराबी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सवय हाय रे. अजून दिवेलागनीला दार उघडं ठिवते. येऊन भिंत बघून जायचे. चा बी घ्यायचे न्हाईत."

तेवढ्यात आवाज आला. टिक. नखाने ताटाला मारल्यासारखा.  मग मी उठून स्वयंपाकाच्या भिंतीजवळ गेलो. काच मधोमध तडकली होती.

"सकाळपत्तर साबूत हुती," सायराबी म्हणाल्या. मिस्त्रींनी त्यांच्याकडे बघितले. त्या चुलीकडे बघत राहिल्या.

हा भाग पुस्तिकेत घेणार नाही.

शुक्रवार, १६ मे.

चार दिवस झाले, रोज संध्याकाळी पाऊस. मे महिन्यात गल्लीत चिखल कधी पाहिला नव्हता.

आज अयोध्या मावशी. मिस्त्रींच्या पुढचे घर. मी पायरीवर पाय ठेवला आणि त्यांनी आतूनच हाक मारली, "तितंच थांब शंकर. आत येऊ नगंस."

"मावशी, आठवण सांगायची होती साहेबांची."

"आठवन कशाला? कालच येऊन गेले की." त्यांनी पदरात गुंडाळलेले दोन तुकडे दाखवले. "दिवा लावायला काडी वडली आन टिक. तुझ्या घरची फुटली. मग मिस्त्रीची. मग माझी. म्होरं कोन? अप्पाची फेरी अशीच असायची का न्हाय, तूच सांग."

मी म्हणालो, तशीच असायची.

"तू त्येंचं नाव घेत दारोदार फिरायलास, आन ते तुझ्या मागनं यायलेत. माझ्या घरी नातवंडं हाईत बाबा. तुझं पुस्तक काड, पर माझ्या दारात नगं."

मी चप्पल हातात घेऊन परत आलो. का, ते कळले नाही.

शब्द शोधून ठेवला आहे: 'संचार'. पण पुस्तिकेत तो वेगळ्या अर्थाने वाचला जाईल.

सोमवार, १९ मे.

ताईंना फोन केला. काचा फुटतात हे सांगितले नाही. लोक आठवणी सांगायला घाबरत आहेत, एवढेच म्हणालो.  मग त्या बोलत राहिल्या. मी लिहून घेतले.

त्या सात वर्षांच्या असताना बाबांनी त्यांना धरणाच्या बोगद्यात नेले होते. म्हणाले, कान लाव. त्यांनी ओल्या भिंतीला कान लावला. आत कोणीतरी फार मोठे, झोपेत कूस बदलत होते. "पलीकडे पाणी होतं, हे मला नंतर कळलं. पण तेव्हापासून कुठल्याही भिंतीला टेकून मी झोपलेली नाही." घरी काही चूक झाली तर मारत नसत. भेगेसमोर बसवत. काच बघत बस, म्हणत.

मग त्यांनी काकांचे सांगितले. साहेबांचा धाकटा भाऊ इथे गावात, जुन्या दगडमातीच्या घरात राहायचा. १९९२ च्या दिवाळीत साहेबांनी त्या घरात काच लावली आणि बजावले, फुटली तर घर सोडा. पुढच्या वर्षी ३० सप्टेंबरला भूकंप झाला. भाऊ, भावजय, दोन मुले. साहेब तिसऱ्या दिवशी पोचले. ढिगाऱ्यात त्यांना ती काच सापडली, सिमेंटसकट. तिच्यावरची तारीख त्यांनी घातलेलीच होती, पण अक्षर भावाचे होते.

मला कळले नाही. मी विचारले, म्हणजे?

"म्हणजे काच आधीच फुटली होती. काकांनी नवी बसवली आणि बाबांची तारीख तिच्यावर उतरवली. बाबा रागावतील, घर सोडायला लावतील म्हणून. भूकंपात ते घर तसंही पडलंच असतं, शंकर. अख्खं गाव पडलं. बाबांना हे माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पण त्यांना ते कधी पटलं नाही."

पुढे म्हणाल्या, "हे छापू नकोस."

छापणार नाही.

बुधवार, २१ मे.

मठात जाऊन सभागृह बघून आलो. दीडशे माणसे बसतील. मागच्या भिंतीवर साहेबांची काच आहे. साबूत आहे! एकदम स्वच्छ, काल बसवल्यासारखी. भेग मात्र मोठी आहे, माझ्या बोटाचे पेर आत जाते. पण काच साबूत आहे म्हणजे भेग जुनी आणि थांबलेली असणार. तारखेचे आकडे वेडेवाकडे आहेत. शेवटी शेवटी साहेबांचा हात थरथरत असावा.

मनावरचे ओझे उतरले. अप्पा मठापर्यंत आलेले नाहीत.

बाहेर फकीर मिस्त्री भेटले. त्यांच्याकडून एक चांगली माहिती मिळाली, ती पुस्तिकेत घेता येईल. आमच्या घरापासून मठापर्यंतची गल्ली म्हणजे जुना ओढा आहे. भूकंपानंतर पडलेल्या घरांचा सगळा राडारोडा त्यात लोटून ओढा बुजवला, आणि वर गल्ली, घरे, मठ झाले. "अप्पा त्याच वाटनं फिरायचे. म्या विचारलं येकदा, साब, मागल्या आळीला का जात न्हाई? तर म्हनले, तिकडं खाली खडक हाय, तिकडं झोपा."

'ओढ्याच्या स्मृतीवरून चालत' असे वाक्य केले आहे. बरे वाटते.

आईच्या दोन बोटांना चिरा पडल्या आहेत. विचारले तर म्हणाली, विळी लागली.

गुरुवार, २२ मे.

मुखपृष्ठासाठी मठाचा फोटो हवा होता. सकाळचे ऊन चांगले पडते म्हणून सहाला गेलो. आई स्टुलावर चढून भिंतीशी उभी होती. एका हातात काचपट्टी, दुसऱ्या हाताच्या बोटांवर ओले सिमेंट. खाली परातीत दोन तुकडे.

"आई, काय करायलीस?"

ती दचकली नाही. "स्टूल धर. हलायलंय."

मी धरले. तिने काच बसवली, कडा बोटाने सारख्या केल्या, मग परातीतल्या तुकड्याकडे बघत बघत तारीख काढली. आईला लिहिता येत नाही. तिने ते चित्रासारखे काढले.

"कवा फुटली?"

"काल सांजच्याला. परवा सगळी येनार. फुटकी काच बघितली की मठ बंद. मग दिवा कोन लावनार? आन आपन काय खानार?"

"किती वेळा बदललीस?"

"मोजलं न्हाय. पैल्यांदा बदलली तवा अप्पा हुते की. त्येंची नजर गेली हुती. हात लावून बघायचे. 'साबूत हाय तारामती' म्हनायचे. लई बरं वाटायचं त्येंना." तिने पदराला हात पुसले. "येकदा मातर हात लावून लई वेळ हुबे राह्यले. काय बोल्ले न्हाईत. मग गेले."

"तुला काय सांगितलं होतं त्यांनी?"

"काच फुटली तर कुनाला आत येऊ देऊ नगं, म्हनले हुते. मग म्या फुटूच दिली न्हाय."

मी फोटो काढला नाही. घरी आल्यावर ताईंच्या काकांचे आठवले. काच मठातही फुटली होती. म्हणजे अप्पा मठापर्यंत येऊन गेले. त्यांची फेरी पूर्ण झाली. फेरी संपल्यावर ते पुढे काय करायचे, हे मला कोणीच सांगितलेले नाही.

परवा त्या भिंतीखाली दीडशे माणसे बसणार. आईची जागा सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून.

शुक्रवार, २३ मे.

मठाचे अध्यक्ष शिवलिंगप्पा. त्यांच्या खत-बियाणांच्या दुकानात गेलो. आईचे नाव न घेता सांगितले: सभागृहातली काच फुटलेली आहे, कार्यक्रम बाहेर घ्या.

ते युरियाचे पोते मोजून देत होते. "काच फुटली, येवढंच? परवा माझ्या चष्म्याची बी फुटली. मग म्या काय आंधळा झालो व्हय?"

गिऱ्हाईक हसले.

"अप्पा साहेब असते तर त्यांनी—"

"अप्पा पंचवीस वर्सं म्हनत हुते, हे पडंल, ते पडंल. काय पडलं? तेच पडले बिचारे, बाथरूमात. माईक सांगितलाय, जेवान सांगितलंय, वरनं पाऊस यायलाय, आन तू म्हनायलास पुन्याच्या पावन्यास्नी चिखलात बसवा. जा, तुझं पुस्तक छाप."

मी दारापर्यंत गेलो. मग परत फिरलो आणि म्हणालो, "अप्पा सपनात आले होते."

 शिवलिंगप्पांनी पावतीबुक खाली ठेवले.

"काय म्हनले?"

"'भाईर' म्हणाले. येवढंच. दोनदा."

त्यांनी विभूती लावलेल्या कपाळाला हात लावला.  "अयोध्या बी म्हनत हुती, फिरायलेत म्हनून." मग आवाज बारीक करून, "शाळेच्या पटांगनात पत्र्याचा मांडव सांग. तवर मठात कुनी जायाचं न्हाय, दिवा लावायला बी न्हाय. पर पैसं मठ देनार न्हाय. सपान तुला पडलंय, मांडव तुझ्या नावावर."

मी मांडव सांगितला.  मी आयुष्यात एवढे मोठे खोटे बोललेलो नाही. आणि ते बोलताना मला अप्पांचा आवाज ऐकू आल्यासारखा का वाटला, हे कळत नाही.

संध्याकाळी आईने भाकरी वाढता वाढता विचारले, "कवा पडलं रं सपान?"

"रात्री."

"रातभर तर कूस बदलायलास."

"पहाटे डोळा लागला थोडा."

"पहाटं म्या तुला पानी दिलं." तिने तव्यावरची भाकरी उलटली. "मला सांगू नगंस सपान."

शनिवार, २४ मे. रात्री ९ वाजता.

झाले. मांडवाच्या पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता की माझे अर्धे वाचन कोणाला ऐकू गेले नसेल. तरी माणसे उठली नाहीत. सगळे गाव आले होते, अयोध्या मावशीसुद्धा. ज्याला दारातच थांबवले तो मी, आणि माझ्याकडे लोक वेगळ्याच नजरेने बघत होते. दोन बायका पाया पडायला वाकल्या. मी मागे सरलो.

'शेवटच्या वर्षांत दृष्टी गेली तरी त्यांची फेरी चुकली नाही' हे वाक्य वाचताना मी वर बघितले. आई बसलेल्या गर्दीत नव्हती. मांडवाच्या कडेला उभी राहून मठाकडे बघत होती. दोन दिवस तिथे केर निघाला नव्हता.

जेवणे झाल्यावर ताई एकट्याच मठापाशी गेल्या. मी छत्री घेऊन मागे गेलो. त्यांनी सभागृहाच्या मागच्या भिंतीला बाहेरून कान लावला. डोळे मिटले. छत्री त्यांच्यावर धरून मी उभा होतो. 

"इथे पाण्याची टाकी आहे का, आत?"

"नाही ताई."

"कुणी राहतं?"

"नाही."

"कुलूप लाव," त्या म्हणाल्या. "किल्ली कुणाला देऊ नकोस."

शिवलिंगप्पांनाही त्यांनी सांगितले, इंजिनिअर बोलावून भिंत दाखवा. ते म्हणाले, पाऊस उघडला की दाखवू. आणि माझ्याकडे वळून, "सपान कार्यक्रमापुरतंच हुतं न्हवं?"

मी होय म्हणालो. नाही म्हणायला हवे होते. सुचले नाही.

रविवार, २५ मे.

आई सकाळपासून किल्ली मागते आहे. मठात तीन दिवस दिवा नाही, हे तिला सहन होत नाही. शेवटी मी तिला समोर बसवले. खरे सांगितले. सपान खोटे होते, पण भिंत हलते आहे, प्रत्येक वेळी काच फुटली तेव्हा भिंत थोडी थोडी हलली होती, तू फक्त काच बदललीस.

"सपान खोटं हुतं ते म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "बरं झालं, तुझ्या तोंडानं बोललास. आता मला सांग, काच इतक्या बारी फुटली. भिंत येकदा तरी पडली का?"

 ताईंनी भिंतीत काय ऐकले ते मी तिला सांगितले. ती म्हणाली, पुन्याची मानसं, त्यास्नी आपली भिताडं काय कळत्यात.

किल्ली खिशात घेऊन दुकानात आलो. ती अजून खिशातच आहे. रात्री उशीखाली घेईन.

गुरुवार, २९ मे. सोलापूर. दवाखान्याच्या जिन्यात.

सोमवारी सकाळी मी दुकानात एका लग्नाच्या फ्लेक्सवरचे नाव बसवत होतो. ८ वाजून ४० मिनिटांनी फकीर मिस्त्रींचा फोन. सभागृहाची मागची भिंत पडली. तारामती आत आहे.

मठाला मागून समाधीकडे एक छोटा दरवाजा आहे. त्याला कुलूप नाही, फक्त कडी. मला तो माहीत होता. लहानपणापासून माहीत होता. रविवारी मला तो आठवलाच नाही.

मी पोचलो तेव्हा मिस्त्री, शिवलिंगप्पा आणि सात-आठ माणसे हातांनी विटा उपसत होती. भिंतीखाली जमीन खचून तिरकी झाली होती आणि तिथून गढूळ पाणी वर येत होते. मिस्त्री सारखे म्हणत होते, "वढा हाय, वढा हाय खालून." अकरा वाजता आई बाहेर निघाली. उजवा पाय मांडीपासून मोडला आहे. सळई घातली. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण काठीने.

गाव म्हणते, शंकरने सांगितले नसते तर शनिवारी दीडशे माणसे गेली असती. शिवलिंगप्पा दवाखान्यात येऊन सगळ्यांसमोर रडले. मी गावाला खोटे सांगितले आणि गाव बाहेर आले. आईला खरे सांगितले आणि ती आत गेली. हे त्यांना सांगावे असे दोनदा वाटले. सांगितले नाही.

आज दुपारी आई पहिल्यांदा नीट बोलली.

"केर काडत हुते. भिंतीपलीकडनं हाक आली. 'तारामती, सरक.' म्या म्हनलं कोन? म्हनून म्या बाजूला झाले, येक पाऊल. मग पडलं सगळं."

"कुणाची हाक आई?"

"तुला काय आवाज वळखू येत न्हाय व्हय त्येंचा?"

मी म्हणालो, पलीकडे कोणी नव्हते. पलीकडे चिखल होता. काच तडकल्याचा आवाज आला असेल, त्याने तू दचकलीस.

 सलाईनचा थेंब पडत होता.

"काच तर म्या काढून ठिवली हुती," ती म्हणाली. "शनवारी. मांडवात जायच्या आदी. म्हनलं, नगंच ती आता." मग माझा हात धरून, "तुझं सपान खोटं हुतं, शंकर. माझं न्हाय. तुझ्या वहीत लिव."

लिहिले.

हिशेब, आजअखेर:

ताईंकडून पुस्तिकेसाठी जमा ८,०००. मुजम्मिलभाईंकडून उसने १५,०००. अयोध्या मावशींकडून उसने ३,०००. एकूण २६,०००.

पुस्तिका छपाई ४,८००. सोलापूरला जीप २,२००. औषधे ३,६५०. दवाखान्याची अनामत १५,०००. एकूण खर्च २५,६५०. शिल्लक ३५०.

देणे: मुजम्मिलभाई १५,०००. अयोध्या मावशी ३,०००. मांडव ४,५००. मांडवाचे शिवलिंगप्पांनी परस्पर भागवले. म्हणाले, अप्पांनी सांगितलेलं काम, त्याचं पैसं तुझ्याकडनं घ्यायचं नसतं. तरी माझ्याकडे देणेच धरले आहे.

एकूण देणे २२,५००.